आईची बोटं

आई जन्मापासून बहिरी. दोन्ही मुलांशी ती आयुष्यभर हातांनीच बोलली. शेवटच्या आजारात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा धाकटा मालवाहू जहाजावर, भर समुद्रात होता. तिने थोरलीला पलंगासमोर कॅमेरा लावायला सांगितलं आणि खुणेनंच बाहेर घालवलं. "हे त्याच्यासाठी. तू वाचायचं नाहीस." थोरलीनं मान डोलावली.

त्याच आठवड्यात आई गेली.

व्हिडिओ जुळवणं हा थोरलीचा धंदाच. जहाजावरचं नेट रडतखडत चालायचं, मोठी फाइल अर्ध्यातच तुटायची. म्हणून तिने बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती राखायची तो आकडा, अगदी खाली आणला आणि फाइल पाठवून दिली.

धाकट्याचा फोन आला. आवाज बसलेला.

"ताई, चेहरा दिसतोय. पण बोटं हलली की नुसता चिखल. एक शब्द कळत नाही गं. तूच वाच आणि सांग ना."

"तिला शब्द दिलाय मी."

"ती काय आता बघायला येणार आहे?"

थोरली म्हणाली, "थांब. करते काहीतरी."

पण मूळ चित्र न बघता बिटरेट किती वर न्यायचा हे ठरवायचं कसं? शेवटी तिने कॅमेरा पुन्हा त्याच जागी लावला आणि स्वतः आईच्या उशीला टेकून बसली. चाचणीपुरतं काहीही बोललं तरी चाललं असतं. पण हात उचलले आणि ते आईशीच बोलायला लागले. तुझी चादर अजून धुतली नाही. घरात फार शांत वाटतं, तू कधी आवाज करायची नाहीस तरी.

मग ती कामाला लागली. आवाज काढून टाकला. भिंत, खिडकी कापून फक्त चेहरा आणि हात ठेवले, चौकट लहान केली. तिथे वाचवलेली माहिती हलत्या बोटांच्या वाट्याला आली. बिटरेट थोडा थोडा वर नेत ती स्वतःचीच बोटं वाचत राहिली. 'चादर' अजून पुसट होती. आणखी थोडा वर. आता शब्द सुटे झाले, फाइलही आटोक्यात राहिली. तीच चौकट आणि तेच माप तिने आईच्या व्हिडिओला लावलं आणि तो तयार होईस्तोवर पडद्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा व्हिडिओ आला. इंजिनाशेजारी उभा, हात तेलकट. त्या धडधडीत तो खुणांनीच बोलला. "सगळं वाचलं." डोळे पुसताना गालावर काळा ओघळ उमटला. "तुझ्याबद्दलही आहे. घरी आलो की सांगतो."

थोरलीनं उत्तर लिहिलं, "सावकाश ये."