उलट बाजू पाहिल्याशिवाय

मुख्याध्यापिकेने चिठ्ठी पाठवली नाही, आईला बोलावूनच घेतलं.

"वर्गशिक्षिका म्हणतात, मुलीचं लक्ष नसतं, गृहपाठ नसतो, तिला एक इयत्ता खाली बसवा. मला वाटतं, एक वर बसवावी. पण शेरा त्यांचा आहे आणि माझं नुसतं वाटणं आहे. वाटण्याला कागद लागतो."

"कसला कागद?"

"बुद्धिमापन चाचणीचा अहवाल. मानसशास्त्रज्ञाच्या सहीचा. महिनाअखेरपर्यंत आणा. नाही आला तर मला शेऱ्याप्रमाणे करावं लागेल."

मुलगी आठ वर्षांची होती. एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. गृहपाठाबद्दल विचारल्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं : "एकदा येतं ते दहादा कशाला लिहायचं?" चिंता त्याची नव्हती. गेल्या काही आठवड्यांपासून ती सकाळी पोट दुखतं म्हणू लागली होती आणि सुट्टीच्या दिवशी ते कधीच दुखत नव्हतं. खालच्या वर्गात बसवली तर रोज दुखणार, हे आईला कुणी सांगायची गरज नव्हती.

फोन करायचं काम बाबांकडे आलं. ते बस चालवत आणि दोन फेऱ्यांच्या मधे आगारातून फोन करत. पहिल्या दवाखान्याने सांगितलेली फी आईच्या दोन पगारांएवढी होती. दुसरीकडे फी निम्मी, पण नंबर सात महिन्यांनी. तिसरी चाचणी मोबाइलवर होती, पंधरा मिनिटांची, शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. बाबांनी ती आधी स्वतः देऊन पाहिली.

"मी अतिबुद्धिमान निघालो," संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं.

"मग ती खोटीच आहे," आई म्हणाली.

"अगं, शंभरात एक असतो म्हणे असा."

"त्या शंभरातल्या एकाने काल गॅसवर दूध ठेवलं आणि आंघोळीला गेला."

भिंगरी इतकी हसली की तिला ठसका लागला.

आई कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. तीन शिलाई मशिनं, एक लांब कटिंग टेबल आणि मास्तर. कापड बेतण्याचं काम मास्तरांचं आणि दुकानाचे नियमही त्यांचेच. त्यातला एक नियम कुणी मोडत नसे : कपडा उलटा करून आतल्या बाजूने पाहिल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. आत सुटलेला धागा असतो, निसटलेला टाका असतो, राहिलेली टाचणी असते. एका गिऱ्हाइकाला बसल्या जागी टाचणी टोचली, तेव्हापासूनचा हा नियम. शाळा सुटल्यावर भिंगरी त्याच टेबलाखाली बसून चिंध्यांचे त्रिकोण जुळवत असे.

महिना संपायला सतरा दिवस उरले असताना एक विद्यार्थिनी पँटची लांबी कमी करायला आली. आई गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून तळाची घडी घालत होती.

"जरा लवकर द्याल का? मला मुलं शोधायला शाळाशाळांतून फिरायचंय," विद्यार्थिनी म्हणाली.

"मुलं?" आईने टाचण्यांमधूनच विचारलं.

"मी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. बुद्धिमापन चाचण्या घ्यायच्या असतात. आमच्या विभागाच्या केंद्रात होतात, आमच्या मॅडमच्या देखरेखीखाली. फी नावाला असते, तरी पालक येत नाहीत. शिकाऊ म्हटलं की घाबरतात."

आईने टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या. "अहवालावर सही कुणाची असते?"

"मॅडमची. त्या नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ आहेत."

"शाळेत चालते ती?"

"का नाही चालणार?"

"मास्तर," आईने मागे वळून सांगितलं, "ही पँट आधी."

केंद्राची फी मास्तरांनी विचारली आणि ऐकून म्हणाले, "एवढ्यात तर माझ्या चष्म्याची काडीसुद्धा येत नाही."

चाचणी दोन सकाळींची होती. विद्यार्थिनीने फोनवर बजावलं, "ताई, घरी सराव घेऊ नका. झोप आणि नाश्ता, बस्स." आईने शब्द पाळला. दारात चपला घालताना फक्त रोजचं वाक्य म्हणाली, "नीट कर हं. घाई नाही."

खोलीत एक बुटकं टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीजवळ मॅडमची खुर्ची होती. आई बाहेरच्या बाकावर बसली. दीड तासाने विद्यार्थिनी बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"आकडे मी सांगू शकत नाही, अजून मोजलेही नाहीत," ती म्हणाली. "तोंडी प्रश्नांत ती वयाच्या कितीतरी पुढे गेली. पण चित्राबरहुकूम ठोकळे जुळवायचे असतात, तिथे वेळ मोजतात. तिथे ती फारच मागे पडली. का ते कळत नाही."

परतताना बसमध्ये आईने विचारलं, "ठोकळे अवघड होते?"

"नाही. चुटकीसरशी जुळायचे."

"मग उशीर कशाने?"

"त्या ताईने सांगितलेलं, पूर्ण झालं की 'झालं' म्हण. मी प्रत्येक ठोकळा उचलून मागून बघितला, परत ठेवला, मग म्हटलं." भिंगरीला प्रश्नच कळला नव्हता. "उलट बाजू पाहिल्याशिवाय झालं कसं म्हणणार?"

आईने कपाळाला हात लावला. पुढच्या थांब्यावर उतरून ती मुलीसह परत केंद्रात गेली.

मॅडम साठीच्या होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी दुकानाचा नियम, टाचणी, गिऱ्हाईक, सगळं ऐकून घेतलं.

"मीही खिडकीजवळ बसून बघत होते. वाटलं, मुलगी खेळतेय," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे तुम्ही शिकवलंत."

"माझीच चूक. परत घेता येईल का तेवढा भाग?"

"नाही. ठोकळे आता तिने पाहिलेत. वर्षभर परत देता येत नाहीत आणि झालेले गुण मी बदलणार नाही."

आईचा हात पर्सच्या चेनवर थांबला. बारा दिवस उरले होते.

"ऐका तर. वेळेवर अवलंबून असलेले भाग बाजूला ठेवून वेगळा आकडा काढायची सोय चाचणीच्याच नियमात आहे. मात्र ते का ठेवले, हे कारणासहित लिहावं लागतं. कारण माझ्याकडे नव्हतं, ते आत्ता तुम्ही दिलंत. उद्या उरलेले भाग होऊ द्या." मग त्या विद्यार्थिनीकडे वळल्या. "आणि तू, नुसतं घड्याळ बघत होतीस. हात कोण बघणार?"

"चुकले, मॅडम."

अहवाल एकोणतीस तारखेला मिळाला. त्यात दोन्ही आकडे होते. पहिला बरा होता. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं की या वयाच्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याण्णव या आकड्याच्या खाली असतात. त्याखाली मॅडमचा परिच्छेद : मुलगी उत्तर लगेच शोधते, पण घरच्या कामाच्या शिस्तीमुळे तपासल्याशिवाय देत नाही. याला वेग कमी असल्याचा पुरावा मानू नये.

"शंभरात दोन," बाबा म्हणाले. "माझ्याहून एक जास्त."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेने अहवाल वर्गशिक्षिकेसमोर ठेवला. वर्गशिक्षिकेने तो परिच्छेद दोनदा वाचला. "ही पेपर सगळ्यांत शेवटी देते," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, येत नाही म्हणून." मग अहवाल मिटून ठेवत, "गृहपाठ मात्र करायला हवा."

ठरलं ते असं : गणित आणि विज्ञान वरच्या वर्गात, बाकी आपल्याच वर्गात, गृहपाठ अर्धा, आणि सहामाहीनंतर पुन्हा विचार. आईने मनात धरलं होतं त्याहून हे थोडं कमी होतं, पण इयत्ता खाली जाणार नव्हती.

"सोमवारपासून?" भिंगरीने विचारलं.

"उद्यापासून." मुख्याध्यापिकेने आदेशाच्या फॉर्मवर सही केली, शिक्का मारला आणि पेनाला टोपण लावलं. "झालं."

भिंगरी जागची हलली नाही. "बाई, तुम्ही मागे बघितलं नाही."

"भिंगरे!" आई पुटपुटली.

मुख्याध्यापिकेने हसत फॉर्म उलटला आणि त्यांचं हसू थांबलं. मागच्या बाजूला पालकांच्या सहीची जागा कोरी होती. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि पेन आईच्या हातात दिलं.