तपासून झालं की सांग

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘खोटारडी’ म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. अवकाशाला हलवत येणारी गुरुत्वाची लाट पकडायला तिथे दोन लांबलचक नळ्या काटकोनात टाकल्या होत्या. त्यांच्या टोकांना काचेच्या बारीक धाग्यांवर आरसे टांगले होते. लाट आलीच, तर ते अणूच्या गाभ्याच्या रुंदीहूनही कमी हलणार होते. इतकंसं हललेलं आपल्या माणसांच्या लक्षात येतं का, हे कळणार कसं? म्हणून कधीमधी कोणाला न सांगता आरसे मुद्दाम हलवायचे, खोटी लाट घालायची आणि काय होतं ते बघायचं. हा उद्योग रीतसर तिच्याकडे सोपवलेला होता. बाकीचे महिनोन्महिने रक्त आटवून हिशेब तपासत, आणि मग भर बैठकीत ही उठून सांगे, “ती लाट आमचीच होती.” मागच्या वेळी हिशेबवाल्यांपैकी एकाने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. त्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा.

नियम एकच होता. बैठक होईपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. लाट आपली आहे असं सांगायचं नाही, आणि आपली नाही असंही नाही.

त्या दिवशी सकाळी पडद्यावर रेघ थरथरली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अशाच नळ्या असलेल्या दूरच्या जोड-प्रयोगशाळेतही तश्शीच थरथरली. सगळे चहाचे कप घेऊन धावले, रेघ बघितली आणि हसायलाच लागले.

“खोटारडे, या वेळी फारच सुबक काढलीस गं!”

“जरा तरी वेडीवाकडी काढायचीस,” मागच्या वेळी अबोला धरलेला तो हिशेबवाला म्हणाला. “आम्ही काय दूधखुळे आहोत?”

पण तिने काहीच काढलं नव्हतं. तेवढ्यात जोड-प्रयोगशाळेतून तिच्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. ही लबाडी करणाऱ्या त्या दोघीच.

“तू?” बाईंनी विचारलं.

“नाही. तुम्ही?”

“नाही.”

दोघींनी फोनवरच आपापल्या नोंदी पुन्हा उघडून बघितल्या; त्या दिवसापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

इकडे कोणीतरी म्हणालं, “खोटीच आहे ना, मग ठरल्याप्रमाणे आरशांची जुळवणी बदलून घेऊ.” जुळवणी बदलली की आरसे एरवी आपोआप किती थरथरतात ते मोजून ही लाट पडताळायची सोयच संपली. पण ओरडली असती, तर ही लाट आपली नाही, हे लगेच सगळ्यांना कळलं असतं. ती नेहमीच्याच रुक्ष आवाजात म्हणाली, “हात लावायचा नाही. आलेली प्रत्येक लाट खरी समजायची, नियम आहे.” हेच ती प्रत्येक खोट्या लाटेच्या वेळी म्हणत आली होती. सगळे कुरकुरले, पण आरशांना कोणी हात लावला नाही. इतक्या वर्षांच्या खोटेपणाचा असा उपयोग झाला.

तिथून ती थेट दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: वय झालंय, हृदय थकलंय, आम्ही करू, पण हमी देत नाही.

बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात काळोख. तिथे डोळे कामाचे नाहीत, भिंतीला कान लावायचा, असं ते सांगत. त्यामुळे लेकीचं काम त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. रोज संध्याकाळी फोनवर ते एकच विचारत, “ऐकू आलं का?” आणि ती म्हणे, “नाही, बाबा.” वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. आणि आज ऐकू आलं होतं, आणि उद्या बाबा असतील की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नियम गेला खड्ड्यात, असं तिने जिन्यातच ठरवून टाकलं.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त बसचालक होते. गुडघ्यांनी बेजार झालेले, पण जीभ ठणठणीत. तिला बघताच ते म्हणाले, “या शास्त्रज्ञीणबाई! तुझी ती लाट सापडली, तर आमचं काय भलं होणार गं?”

तिच्याआधी बाबाच बोलले. “बस बिघडली की तुम्ही आधी काय करायचात?”

“कान द्यायचो. इंजिन आपणहून बोलतं.”

“मग! माणसाने आजवर आकाशाकडे नुसतं बघितलंय. जिथून उजेडच येत नाही, तिथलं काय कळणार? तिथे कान द्यायला नको?”

“ते ठीक. पण माझे गुडघे थांबतील का दुखायचे?”

“गुडघे दुखतच राहतील,” बाबा म्हणाले. “पण कशासाठी उठून बसायचं, ते तरी कळेल.”

चालककाका खदखदून हसले. थोड्या वेळाने त्यांना तपासणीला नेलं, तसं बाबांनी हळूच विचारलं, “ऐकू आलं का?”

अख्ख्या प्रयोगशाळेच्या तोंडावर न बिचकता खोटं वागणाऱ्या बाईला त्या क्षणी साधं ‘नाही’ म्हणवेना. तिने स्टूल जवळ ओढलं. “बाबा...”

बाबांनी हात वर केला. लेकीचं तोंड वाचायला त्यांना चष्मा लागत नसे.

“तपासून झालं?”

“नाही. पण उद्या तुम्ही...”

“तुझ्या आजीला मी पाच जिने चढवले होते, आठवतंय?” ते म्हणाले. “लिफ्ट मस्त चालत होती. मला ठाऊक होतं. पण तपासून झालं नव्हतं, म्हणून ‘बंद आहे’ची पाटी काढली नाही. सासूबाई वर्षभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.” दम खाऊन ते पुढे म्हणाले, “मला अर्धवट ऐकायचं नाही. पाटी राहू दे. तपासून झालं की सांग. मी आहे इथेच.”

तिला संताप आला. हा कसला हट्ट! मरणाच्या दारात उभं राहून माणूस नियम शिकवतो? ती बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली.

ऑपरेशन लांबलं. पण बाबा उठले. शुद्धीवर आल्यावर धडपणे बोललेलं पहिलं वाक्य होतं, “इथल्या लिफ्टचा ब्रेक घासतोय, सांगा कोणाला तरी.” तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

पुढचे कित्येक महिने संध्याकाळचे फोन होत राहिले. औषधं, अळणी जेवण, चालककाकांचे गुडघे, सगळं बोलून व्हायचं. तो एक प्रश्न मात्र बाबांनी चुकूनही विचारला नाही. तिचा नियम तिच्यापेक्षा तेच कसोशीने पाळत होते.

शेवटी बैठक भरली. हिशेब चोख उतरले होते. माणसं खुर्च्यांत रेलून, आता ही काय सांगणार ते ठाऊक असल्यासारखी बसली होती. ती उभी राहिली.

“आम्ही काहीही केलेलं नाही.”

“खोटं बोलतेस,” हिशेबवाला म्हणाला.

“या वेळी नाही.”

पडद्यावरून वरिष्ठ बाई म्हणाल्या, “मीही नाही.”

मग तो हिशेबवाला डोकं हातांत धरून हुंदके द्यायला लागला, आणि त्याचं पाहून सगळ्यांचाच बांध फुटला. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती. पृथ्वीवर कान असलेला एकही जीव नव्हता, तेव्हा ती लाट निघाली होती.

जाहीर झाल्याच्या दिवशी ती घरी गेली. बाबा खिडकीशी बसले होते.

“तपासलं?”

“तपासलं.”

“नीट?”

“सगळ्यांनी. उलटसुलट.”

“मग काढ पाटी.”

त्या थरथरीचा प्रयोगशाळेने आवाज करून घेतला होता. तिने फोन त्यांच्या कानाशी धरला. बाबांनी डोळे मिटले आणि तिचं मनगट घट्ट पकडलं. गुरगुरत वर चढलेला एक छोटासा आवाज आला आणि संपला.

“पुन्हा,” बाबा म्हणाले. तिने पुन्हा लावला. मग आणखी एकदा. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

“वर चढतंय गं,” ते म्हणाले. मग नाक ओढून त्यांनी फोन तिच्या हातात दिला. “त्या बसवाल्यांना लाव. म्हणावं, उठून बसा.”