आकडा बरोबर, काटा बेचैन

मी एक जुना काट्याचा मीटर आहे. बिघडलेल्या वस्तूच्या आत माझ्या लाल आणि काळ्या वायरींची टोकं टेकवतात आणि काचेखाली माझा काटा हलतो. विजेची वाट जुळलेली असेल तर तो उजवीकडे जातो, तुटलेली असेल तर डावीकडे पडून राहतो. मित्रांनो, मला पडून राहणं कधीच जमलं नाही.

कारखान्यात एका बाईंनी भिंग लावून केसाहून बारीक तार माझ्यात गुंडाळली. तिथून मी एका दुरुस्तीच्या दुकानात आलो. आधी वडिलांनी मला वापरलं, मग त्यांच्या मुलीनं. तिला सगळे ताई म्हणतात. इस्त्री असो, पंखा असो, ताई म्हणायची, “थांबा, आधी याला विचारते.” मग आकडेवाला मीटर आला. तो झटकन आकडा दाखवतो, वर शिटीही मारतो. मी चार वर्षं खणात पडून होतो. कुणी खण ढकलला की माझा काटा उगाच दचकायचा.

एका सकाळी ताईनं मला बाहेर काढलं. टेबलावर एक मायक्रोवेव्ह ओव्हन होता. तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा आला होता. दर वेळी फ्यूज उडालेला. नवा फ्यूज घातला की दुकानात दिवसभर सुरळीत चालायचा. घरी गेला की दोन दिवसांत बंद.

“बाबाच काहीतरी करतात,” एकट्यानं राहणाऱ्या एका आजोबांचा ओव्हन घेऊन आलेली त्यांची मुलगी म्हणाली. “चमचा ठेवत असतील आत, नाहीतर काय! गॅस दोनदा चालू राहिला म्हणून तो बंद केला. आता हेही जमत नसेल, तर महिनाअखेरीला घराला कुलूप लावून त्यांना माझ्याकडे नेणार. त्यांना यायचं नाही, पण मी तरी किती जीव टांगणीला लावून बसू?”

ताईनं आकडेवाल्याकडे पाहिलं. त्यानं तिन्ही वेळा सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. “ओव्हन परत घरी न्या,” ती म्हणाली, “मी तिथेच येते.”

स्वयंपाकघर अरुंद होतं. ओव्हनच्या दाराच्या मुठीला एक जड कापडी पिशवी लटकत होती. मुलीनं ती काढून खुर्चीवर ठेवली, ताईला जागा व्हावी म्हणून. आजोबा दाराशी उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे.

ताईनं प्लग काढला. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज साठून राहते, ती आधी रिकामी केली. मग दारामागच्या छोट्या स्विचांपैकी एकाच्या वायरी सोडवून मला जोडलं. हा स्विच पहारेकरी असतो. दार उघडं असताना ओव्हन चालू राहू लागला, तर तो मुद्दाम फ्यूज उडवतो, म्हणजे माणूस भाजत नाही. दार नीट बंद असताना मात्र त्यानं अजिबात जुळता कामा नये. तेव्हा माझा काटा डावीकडेच राहायला हवा.

ताईनं दार लावलं. डावीकडे. पुन्हा लावलं. डावीकडेच. माझ्या जिवाची नुसती घालमेल!

“बघा, तुमच्या हातून चालतंय,” मुलगी म्हणाली.

“आजोबा, तुम्ही या. रोज करता तस्संच करा. काही गाळू नका.”

आजोबांनी दुधाचा कप आत ठेवला. दार लावलं. मग खुर्चीवरची पिशवी उचलून मुठीला अडकवली.

“अहो, ती कशाला?”

“हिनंच सांगितलंय, औषधं डोळ्यांसमोर हवीत. काढली तर ओरडते.”

पिशवीच्या वजनानं दार केसभर खाली आलं आणि माझा काटा थरथरला. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. पहारेकरी बंद दारामागेच जुळत होता, सुटत होता, म्हणूनच तर फ्यूज उडायचा. असलं क्षणाचं जुळणं आकडेवाल्याच्या नजरेतून निसटतं.

“बिजागरी ढिली झालीय,” ताई म्हणाली. “दुकानात तुम्ही ओव्हन आणलात, पिशवी नाही आणलीत.”

मुलीनं पिशवी काढली आणि हातातच धरून ठेवली.

ताईनं बिजागरी आवळली, स्विच बदलला. आजोबा दार लावत राहिले, उघडत राहिले. नजर माझ्या काट्यावर. दार लागलं की तो आता डावीकडून जागचा हलत नव्हता.

“दहा वेळा झालं, बाबा.”

“होऊ दे. मला वाटायला लागलं होतं, मीच काहीतरी विसरतोय.”

“या महिन्यात राहा इथेच,” ती हळूच म्हणाली.

“या महिन्यात?”

“बरं बाबा, राहा! हवं तितकं राहा.”

मित्रांनो, ओव्हनचं बाहेरचं आवरण तुम्ही खोलू नका, ते जाणकाराचं काम आहे. पण घरातली वस्तू बिघडली, तर ती वापरणाऱ्याला आधी दोष देऊ नका. रोज कसं करता ते करून दाखवा म्हणा, आणि शेवटपर्यंत बघा. त्या स्विचला वीस मिनिटं लागली. आजोबांनी मात्र तीन आठवडे थंड दूध पीत स्वतःवरच संशय घेतला. तो संशय पुरता गेला का, हे बघायला माझ्या वायरी कुठे टेकवायच्या, ते मला अजून कळलेलं नाही.