तपासलेली कुपी

जरा जवळ सरकून बसा, एका कुपीची गोष्ट सांगतो — बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची कुपी, रबरी बूच, वर चकचकीत टोपी, आत पाण्यासारखं औषध, आणि ती त्याच्या चिमटीत हलकेच फिरते आहे, आधी काळ्या पाटीसमोर पाच सेकंद, मग पांढऱ्या पाटीसमोर पाच. काळ्यावर पांढरा कण दिसतो, पांढऱ्यावर काळा. दिसला की कुपी लाल ट्रेमध्ये. औषधांच्या कारखान्यात अकरा वर्षं त्याचं हेच काम : समोर येईल तिच्यावर संशय घ्यायचा. सोबतचे त्याला शंकासुर म्हणतात. जेवणाचा डबासुद्धा उजेडाकडे धरून बघतो म्हणून हसतात, आणि तोही हसतो, पण खरंच, एकदा त्याने धरला होता.

आज मात्र हातातली कुपी दिसतच नव्हती. तिच्या जागी दुसरीच... हिरवट, तांबड्या बुचाची, पडद्यावरची.

शनिवारी अर्धी पाळी. दुपारी चार वाजता तो आणि ताई संगणकावरच्या खेळात भेटतात. ताई लांबच्या गावात राहते, कपडे दुरुस्त करण्याचं तिचं छोटंसं दुकान आहे, आणि कानाला यंत्र लावून ती इकडे हाणामारी करता करता तिकडे गिऱ्हाईकाला विचारते, बाही किती इंच कमी करू? खेळात ताई ढाल-तलवार घेऊन पुढे, तो मागे. तो तिथे वैद्यबुवा. तिच्या जिवाची लाल पट्टी घसरली की मंत्र टाकून भरायची, एवढं त्याचं काम, आणि फावल्या वेळात अर्काच्या कुप्या बनवायच्या — तीन पाले, तीन डोंगर, तासाभरात जेमतेम पाच. एक प्यायली की जीव निम्मा भरतो आणि कुपी संपते. संपण्यासाठीच असते ती. प्रत्येक कुपीवर बनवणाऱ्याचं नाव आपोआप उमटतं. त्याने बनवलेल्या सगळ्या ताईसाठी. दोन वर्षांत सव्वाशे तरी दिल्या असतील.

आणि आज सकाळी, कामावर निघण्याआधी, खेळातल्या बाजारात एका अनोळखी विक्रेत्याच्या दुकानात पाच कुप्या दिसल्या. बनवणारा : वैद्यबुवा. भाव असा की पाले फुकट मिळाले तरी परवडू नये.

विकल्या तर विकल्या ताईने... पण इतक्या स्वस्तात?

काळी पाटी. पांढरी पाटी. ताई दर शनिवारी मागते, "सोन्या, एक-दोन कुप्या दे की रे." आणि पिताना मात्र कधी दिसत नाही. प्यायलं की कानात घटकन् आवाज येतो. दोन वर्षांत तो आवाज त्याने तिच्याकडून एकदाही ऐकला नव्हता. आजवर वाटत होतं, काटकसरी आहे, चिंध्याही जपून ठेवणारी. आता वाटलं, असतील तर पिईल ना. मग जुनं एकेक वर यायला लागलं — मागच्या महिन्यात तिने चकाकती नवी ढाल घेतली, ती कशावर? विचारलं तेव्हा हसून म्हणाली, लागलीय लॉटरी. का हसली? वीस मिनिटांनी डोळ्यांना विश्रांती द्यायचा नियम आहे, तर डोळे मिटल्यावरही तो तेच बघत राहिला.

पाळी संपताना प्रयोगशाळेची बाई नेहमीसारखी गाडा घेऊन आली. तिने त्याने पास केलेल्यांतल्या पाच उचलल्या. या ती उघडून बघणार, आणि निघाल्या निर्मळ तरी फेकून देणार. उघडलेली कुपी पुन्हा कुणाच्या कामाची नाही. हे रोजचंच. त्याने सही केली.

चार वाजता ताई आली. आवाज नेहमीचा, शिलाईयंत्राच्या खडखडीवरून ओरडल्यासारखा. जेवलास का, डोळे कसे आहेत, आज दगडी बैलाच्या गुहेत जाऊ या, असं सगळं एका दमात. मग म्हणालीच, कुप्या केल्यास का रे? त्याने सांगितलं, नाही, वेळ नाही झाला. पिशवीत दहा होत्या.

त्या गुहेचा एक कडक नियम आहे — जो पडेल त्याच्या पिशवीतला निम्मा माल फुटतो, आणि काय काय फुटलं याची यादी दोघांच्याही पडद्यावर येते. हे त्याला ठाऊक होतं. पण तिला पाडायचं त्याच्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. फक्त मंत्र जरा उशिरा टाकायचा. जीव कंठाशी आला की माणूस असेल ती कुपी पितोच. प्यायली तर आहेत. नाही प्यायली, तर...

बैलाने धडक दिली. लाल पट्टी निम्मी झाली. कळीवर बोट ठेवून तो थांबला. काळी पाटी.

आणि नेमकी तेव्हाच शिडी आठवली — शाळेतला तो, गच्चीच्या टाकीवर अडकलेला चेंडू, बांबूची शिडी, खाली ताई. प्रत्येक पायरीला तो मान वळवून विचारी, धरलीयेस ना? ती म्हणे, वर बघ. चेंडू घेऊन उतरल्यावर दिसलं, तिचा उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला. शिडीच्या पोकळीत गांधीलमाश्या होत्या. हात का नाही काढलास, विचारलं, तर म्हणाली, शिडी धरली होती ना.

पट्टी चतुर्थांश. ताई पुढेच जात होती, मागे न बघता. पांढरी पाटी... पी ना, ताई, एक घोट, म्हणजे मी सुटतो. पट्टी केसभर उरली तेव्हा त्याने कळ दाबली. मंत्राला दोन सेकंद लागतात. बैलाला एकच लागला.

ताई पडली, आणि यादी सरकू लागली. फुटलं : अर्काची कुपी, बनवणारा वैद्यबुवा. फुटलं : अर्काची कुपी, बनवणारा वैद्यबुवा. फुटलं... त्याने मोजायचं टाळलं, पण अकरा वर्षांची सवय, डोळे मोजतातच. त्रेसष्ट. म्हणजे निम्म्या. म्हणजे सगळ्याच्या सगळ्या तिच्यापाशी होत्या. बाजारातल्या त्या पाच कुठल्या, सुरुवातीच्या दिवसांत कुणा वाटसरूला दिल्या असतील का, देव जाणे.

इतका वेळ 'तो' म्हणत आलो; तो मीच. इथून पुढे त्याच्या आड उभं राहायला लाज वाटते.

शिलाईयंत्र थांबलं होतं. मग ताईने विचारलं, "नेट गेलं होतं का रे तुझं?"

"हो," मी म्हणालो. "गेलं होतं."

"तरीच. म्हटलं, तू मागे असताना मला कशाला लागतेय कुपी."

म्हणून पीत नव्हती तर. मागण्यापुरत्या मागायची, माझं नाव लिहिलेल्या म्हणून साठवायची. आणि भरलेली ती पिशवी म्हणजे माझ्यावरचा तिचा सगळा भरवसा होता, तो मी उघडून तपासला होता.

ती म्हणाली, चल, परत जाऊ या. पुन्हा तीच गुहा, तोच बैल. या वेळी माझं बोट कळीवरून हललं नाही. पट्टी जराशी उतरली की मंत्र, पुन्हा मंत्र. पाऊण पट्टी शिल्लक होती. काळजीसारखं काहीच नव्हतं.

कानात घटकन् आवाज आला.

एक घोट. लगेच शिलाईयंत्र सुरू झालं, बाही किती इंच, असं कुणाला तरी विचारत ती हसलीसुद्धा, आणि ते हसू मी उजेडाकडे धरून बघू लागलो — तिला कळलंय का? की नेटचाच भरवसा नाही म्हणून प्यायली? विचारता येत नाही. विचारलं की उघडावं लागतं.

तुम्ही एवढं ऐकलंत, तर एक मागणं आहे. मला विसरलात तरी चालेल. पण कधी कुणाच्या भरवशावर वर चढत असाल, तर शिडी धरून खाली उभी असलेली माझी ताई आठवा, सुजलेल्या हाताची. आणि मान वळवू नका.