दुसरी कांडीवाली

मी संशयी हाय, हे मले कोणी सांगाची गरज नाही. दूधवाल्यादेखत मी दुधात बोट बुडवून पाहते. भाजीवाल्याच्या तराजूखालून हात फिरवते. सून फोनवर "सगळं मजेत हाय" म्हणाली, का पोराले, अंकुशले, वेगळा फोन लावून विचारते. तवा घरचा माणूस दिवसभर मोबाईलमध्ये लाकडं तोडते म्हणून सांगन, आन् मी मुकाट ऐकून घेईन, असं कोणाले वाटत असन तं तो ह्या रुखमिणीले ओळखत नाही.

हा माणूस म्हणजे माझा नवरा, मधुकरराव. आंधळगावात कोणालेही विचारा, कोशाची रेशमी साडी विणावी तं यायनंच. पण गुडघे गेले. डॉक्टर म्हणे, आता मागावर बसाचं नाही, पाय मारणं बंद. पल्याडच्या गल्लीतला तुलाराम माग खोलून घेऊन गेला. मागाखाली पाय माराचा खड्डा होता तो आमच्या अंकुशनं बुजवला, वरून चकचकीत टाईल बसवली आन् त्याच जागेवर दिवाण टाकला. अंकुश तुमसरले राईस मिलमध्ये कामाले हाय, बायको घेऊन तिकडंच रायते. जाताजाता बापाच्या हातात आपला जुना मोबाईल देऊन गेला. त्यात एक गेम टाकला. "बाबा, टाइमपास करा," म्हणे.

झालं! सकाळी चहा घेतला का हे दिवाणावर. कानात वायर खुपसून बसले का जेवणाले हाक मारेपर्यंत मान वर नाही. पहिले काही दिवस मी जाऊ देले. मंग एका दुपारी मागं उभी राहून पाहिलं. मोबाईलमध्ये जंगल होतं. त्यात एक ठेंगणा माणूस, हातात कुऱ्हाड. यायनं बोट दाबलं का तो घाव घालते. झाड पडते. मंग दुसरं. थोड्या वेळानं पहिलं झाड पुन्हा उभं!

"का जी, हे तं आत्ताच तोडलं होतं ना?"

"पुन्हा आलं."

"मंग तोडून उपयोग काय?"

"लाकडं जमा होतेत."

"लाकडायचं काय करता?"

"मोठी कुऱ्हाड भेटते."

"मोठ्या कुऱ्हाडीनं काय करता?"

हे माझ्याकडं असे पाहाले लागले का जशी मीच बावळट. "मोठी झाडं तोडतो," म्हणे.

मी कपाळाले हात लावला. "मजा येते काय याच्यात?"

यायनं खरंच विचार केला. लबाड बोलणारा माणूस नाही तो, तेवढं मी कबूल करते. "मजा नाही येत," म्हणाले. "रोज तेच ते. मजा कायची?"

"मंग काहून करता?"

"करतो."

आता सांगा! मजा येते म्हटलं असतं तं मी सोडून दिलं असतं. म्हातारपणी माणसं पत्ते कुटतेत, टीव्हीसमोर घोरतेत, ते मले समजते. पण मजा नाही, कमाई नाही, तरी माणूस जागचा हालत नाही, चहावर साय धरते तरी भान नाही. हे सरळ नाही. माझ्या डोक्यात किडा वळवळाले लागला तो तिथूनच.

पहिली शंका जुगाराची. अंकुशले फोन लावला. तो हसाले लागला. "अवं आई, जुगार-बिगार काही नाही. ह्या गेमात असंच रायते. एकच काम पुन्हा पुन्हा करा, मंग लेवल वाढते. कोणाले आवडते, कोणाले बोर होते."

"बाबा तं म्हणतेत मजा नाही येत."

"मंग मले काय माहीत? आई, गाडी लागली मिलमध्ये, ठेवतो."

ठेव बाबा. पोरायले आईबापाचं काही ऐकाचं असलं का नेमकी गाडी लागते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गिरजाबाईजवळ बोलली. चूक केली. गिरजाबाई म्हणजे विस्तवावर फुंकणारी बाई. मांडी घालून बसली आन् पोलिसासारखी विचाराले लागली.

"कानात वायर रायते?"

"रायते."

"बोलते काय त्याच्यात?"

"बोलतेत वाटते. हळू."

"आन् तू जवळ आली का बंद?"

हे खरंच होतं. मी सैपाकघरातून भाईर आली, माझी चाहूल लागली, का यायचं बोलणं बंद. ओठ मिटून नुसते बोट दाबतेत, साळसूद.

"माझ्या भाच्याचं असंच झालं," गिरजाबाई म्हणाली. "आधी गेम, मंग गेमातली बाई." आन् सुपारी कातराले लागली.

या वयात? मी तिले हसली. ती गेल्यावर हसू गेलं.

मंग मी पाळत ठेवली. सूप घेऊन दिवाणाच्या मागं, यायले दिसणार नाही अशी तांदूळ निवडाले बसली. खडे तसेच राहून गेले म्हणा त्या दिवशी. यायचं पुटपुटणं कानावर येये पण समजे नाही, म्हणून डोळे सारे मोबाईलवर. तवा मले दिसलं का जंगलात ठेंगणा एकटा नाही. एक बाई हाय. लांब वेणी, कमरेवर टोपली, डोक्यावर नाव लिहिलं होतं: गुंजन. हे झाड पाडतेत, ती लाकडं उचलते. यायची कुऱ्हाड बोथट झाली का ती दुसरी आणून देते. हे मागत नाहीत, तिच्याकडं पाहतही नाहीत. हात पुढं झाला का कुऱ्हाड हातात.

माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या कोणा बाईले याच्यात काही वाटलं नसतं. पण आम्ही विणकराच्या घरच्या. आमच्याकडं माग एकट्याचा नसते. नवरा विणते, बायको चरख्यावर धागा गुंडाळून कांड्या भरते. आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावते तो धोटा, त्यातली कांडी सरली का दुसरी हाताशी पाहिजे, नाही तं माग थांबते. मले पाहाले आले तवा चहा-पोहे मागून. आधी सासूनं माझ्यासमोर चरखा ठेवला, "भर बाई एक कांडी." मी भरली. सासूनं ती अंगठ्यानं दाबून पाहिली, सैल हाय का घट्ट. मंग यायच्या हातात देली. यायनं माझ्या तोंडाकडं पाहिलं का नाही देव जाणे, कांडी मात्र फिरवून फिरवून पाहिली आन् "हो" म्हटलं. असं माझं लगन जमलं. ज्याच्या कांड्या भरते त्याची ती बायको, आमचा हिशेब सरळ हाय.

आन् आता माझ्याच घरात, माझ्याच मागाच्या जागेवर बसून, ह्या माणसाले दुसरी बाई कांड्या भरून देऊन राहिली होती!

तुम्ही हसान. हसा. माग तुलारामच्या बैलबंडीवर चढला तवा मी रडली नाही, उलट खोली झाडून घेतली. त्या दिवशी मात्र सैपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडली. मले भेव वाटलं. माग नाही, कांडी नाही, पोरगा तुमसरले. भाकर काय, कोणीही थापून देईन. मंग ह्या माणसाले मी कायले पाहिजे? तो सोडून जाईन असं नाही, गुडघे घेऊन जाईन कुठं? पण घरात राहूनही माणूस निघून जाते. ते भेव होतं.

दोनचार दिवस मी यायच्याशी तोलूनमापून बोलली. यायच्या ध्यानातही आलं नाही.

मंग एका दुपारी तुलाराम दारात. "काका, धोटा अटकून राहिला जी. जरा येता काय?" माग म्हटलं का यायचे गुडघे दुखत नाहीत. उठले तसेच गेले. मोबाईलची बॅटरी उतरली होती, म्हणून तो तारेले लावून तिथंच राहिला, गेम सुरूच.

मी दाराची कडी लावली.

ठेंगणा झाडाखाली बसला होता. वेणीवाली त्याच्यासमोर उभी. कानाची वायर मी मोबाईलातून काढून फेकली, तं आवाज एकदम खोलीभर आला, "काका, आलात का? मी केव्हाची थांबलेय."

पोरीचा आवाज! गोड, आन् आपल्या इकडचा नाही. गिरजाबाई खरी निघाली म्हटलं. पण मी रुखमिणी हाय. माइकचं निशाण मी पाळतीवर असताना हेरून ठेवलं होतं. दाबलं.

"काका घरी नाहीत. तू कोण हाय वो?"

तिकडून लेकरू रडल्याचा आवाज.

"तुम्ही कोण बोलताय?"

"मी बायको त्यायची. रुखमिणी. बोल आता."

"अगं बाई!" पोरगी किंचाळलीच. "काकू? तुम्ही... तुम्ही आहात?"

"मंग कुठं जाईन?"

"नाही, तसं नाही... काकू, रागावू नका हं. मला वाटलं, तुम्ही वारलात."

मी दिवाणावर मटकन बसली. अशी जिवंतपणी मातीत घातल्यावर माणूस दुसरं काय करन?

"यायनं सांगतलं तुले असं?"

"नाही नाही! काका असं कधीच नाही म्हणाले. मीच समजले." पोरगी रडकुंडीले आली होती. "ते सारखं तुमचंच सांगतात हो. मला लाकडं उचलायला उशीर झाला की म्हणतात, 'रुखमिणीचा हात असा नव्हता. तिच्या कांडीत कधी गाठ सापडली नाही. धोटा रिकामा व्हायच्या आत दुसरी कांडी माझ्या हाताशी, मागावं म्हणून लागलं नाही. पदराचा रंग चुकला तर मला आधी तीच सांगायची. साडीला नाव माझं झालं, पण अर्धी साडी तिची.' काकू, जिवंत बायकोचं इतकं कौतुक कोण करतं? मी तरी कुठं ऐकलं नाही. म्हणून मला वाटलं. विचारायचा धीर झाला नाही."

एवढं ऐकलं. तरी सवय जात नाही. "लाकडं आन् मी, एवढंच बोलता? दुसरं काही नाही?"

"एवढंच. मी लातूरकडची. बाळ मांडीवरून खाली ठेवू देत नाही, एकच हात मोकळा असतो. मग हे करते."

"मजा येते तुले?"

"छे, कंटाळा येतो," ती म्हणाली. "पण काका असतात ना."

संशय गेला. पण राग गेला असं समजू नका. उलट असा चढला का कान गरम झाले. इतकी वर्षं! अंगात ताप असताना कांड्या भरल्या, अंकुश पोटात असताना भरल्या, सासू गेली त्याच्या तेराव्यानंतर लगेच चरख्यावर बसली. ह्या माणसाच्या तोंडून कधी "बरी झाली" निघालं नाही. भाजी चांगली झाली तं दुसऱ्यांदा वाढून घ्याचे, तेच कौतुक. आन् लातूरच्या परक्या पोरीजवळ सगळं भडाभडा!

दार वाजलं. "काहून लावली वो कडी?"

मी उघडलं आन् दारातच विचारलं, "का जी, मी मेली काय?"

"काय बडबडते?"

"ह्या पोरीले वाटलं मी मेली. एवढं गुणगान केलं तुम्ही."

यायनं मोबाईल माझ्या हातात पाहिला आन् लहान पोट्ट्यासारखे लाल झाले. भिंत धरत धरत येऊन दिवाणावर बसले. "मी तिले असं नाही म्हटलं."

"मले माहीत हाय. मले काहून नाही सांगतलं कधी?"

"तुले सांगतलं असतं तं तू हात थांबवून ऐकत बसली असती." हसाले गेले, पण मी हसत नाही म्हटल्यावर थांबले.

"आता माग नाही," मी म्हटलं. माझा आवाज फाटला, फाटू देला. "आता कोणाचा हात थांबते? आता तं सांगाचं होतं. मी तिथं चुलीजवळ बसून स्वतःलेच विचारून राहिली का ह्या घरात माझं आता काय काम, आन् तुम्ही इथं कानात वायर घालून..."

हे टाईलकडं पाहतच बोलले. "दिवसभर तुले 'कांडी आण, कांडी आण', एवढंच तं म्हणत होतो मी. त्याच्यातच सगळं होऊन जाये. आता कांडी नाही. तुझ्याशी बोलाले सुरुवात कुठून कराची, मले समजत नाही वो."

मी काही बोलणार तेवढ्यात मोबाईलमधून आवाज आला. माइक सुरू कराचा मले समजला होता, बंद कराचा नाही. पोरीनं सगळं ऐकलं होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "काकू तर तिथंच आहेत. मग तुम्ही दिवसभर इथं काय करताय?"

यायनं मोबाईलकडं पाहिलं, मंग माझ्याकडं.

"सांगा ना," मी म्हटलं. "पोरगी विचारून राहिली."