दुपारपर्यंतचा नेम

सहलीच्या जेवणाची यादी दरवर्षी दातांच्या दवाखान्यात ठरायची. आमच्या खवय्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि रविवारी त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या असत. भिंतीवर किडलेल्या दाढेचं हे एवढं मोठं चित्र. त्याच्याखाली बसून आम्ही गोड काय करायचं ते ठरवायचो.

"गोड भरपूर आणा," डॉक्टर म्हणायचे, "माझं दुकान त्याच्यावरच चालतं."

हा विनोद ते नऊ वर्षं करत होते आणि मंडळातले वीजवाले काका नऊ वर्षं हसत होते.

मंडळाचा नियम साधा होता. प्रत्येकाने एक पदार्थ स्वतःच्या हाताने करून आणायचा, विकतचं काही चालणार नाही, आणि एकच पदार्थ दोघांनी आणायचा नाही. यादी लिहायच्या ग्रंथपाल बाई. त्या वर्षी त्यांनी सगळ्यात आधी, कुणालाही न विचारता लिहिलं, "भात: थोरल्या वहिनी."

"ते काय लिहायचंय? ते दगडावर कोरलंय," काका म्हणाले. "त्या एका भाताच्या आशेवर मी वर्षभर घरचं गिळतो."

काकूंनी त्यांना कोपराने असं ढोसलं की खुर्ची सरकली.

थोरल्या वहिनी म्हणजे माझ्या जाऊबाई. मोठे दीर गेल्याला सहा वर्षं झाली, तरी आम्ही एकाच घरात आणि एकाच स्वयंपाकघरात होतो. स्वयंपाकघर त्यांचं होतं, मी तिथे भाज्या चिरत असे. मटार, गाजर आणि मिरीचा साधाच भात त्या करायच्या, पण शीत न् शीत मोकळं आणि मीठ असं नेमकं, की खाणारा मध्येच थांबून पातेल्याकडे बघायचा. मंडळात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांच्याच त्या वहिनी.

"आणि धाकट्या वहिनी?" बाईंनी पेन माझ्याकडे वळवलं.

मी वहिनींकडे पाहिलं. या वर्षी त्या काहीतरी म्हणतील असं मला फार वाटत होतं. 'भात आम्ही दोघी मिळून करतो, दोघींची नावं लिहा.' एवढंच. तसं वाटायला कारणही होतं, ते सांगतेच.

"तिचं पाणी आणि ताटल्या," वहिनी म्हणाल्या. "नेहमीचं."

"एखाद्या वर्षी करू द्या की त्यांना काहीतरी."

"मी कुठे नाही म्हणते? पण तिचे नेम आहेत ना! दुपारच्या प्रार्थनेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही. न चाखता केलेलं तुम्ही खाल? मी घरची आहे, मलाच धीर होत नाही."

सगळे हसले. डॉक्टर म्हणाले, "वरती वशिला आहे त्यांचा. पाणी त्यांनीच आणलेलं बरं, आपणही थोडे पवित्र होऊ."

मीही हसले. माझा आवाज मुळात बारीक आहे. चारजण हसत असले की तो कुणाला ऐकू जात नाही, म्हणून अशा वेळी मी बोलायच्या भानगडीतच पडत नाही.

आता ते कारण. चार महिन्यांपूर्वी वहिनींना ताप आला होता. ताप गेला, पण जाताना त्यांची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. मला ते असं कळलं. मी एका संध्याकाळी घरी आले तर दूध उतू जाऊन करपलेलं, स्वयंपाकघरात धूर कोंडलेला, आणि वहिनी शेगडीशेजारी स्टुलावर बसून शांतपणे मटार सोलत होत्या. मी धावत जाऊन शेगडी बंद केली. त्यांनी आधी दुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला.

"धाकटे, कुणाला बोलू नकोस. भाऊजींनासुद्धा नाही. चव गेली म्हटलं की माझ्याजवळ राहिलं काय? कोण कशाला विचारेल मला?"

मी शब्द दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चाखत होते. त्या चमचा पुढे करायच्या, मी डोळ्यांनी सांगायचे, अजून थोडं, किंवा पुरे. माझे यजमान समोर पेपर वाचत बसलेले असत, त्यांना पत्ताही नव्हता. चार महिने आमच्या घरातल्या जेवणात हात त्यांचा आणि जीभ माझी होती. एकदा डॉक्टर जेवायला आले आणि बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, वय वाढतंय तशी तुमच्या हाताची चव वाढतेय." वहिनींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दवाखान्यातून घरी येताना मी म्हटलं, "वहिनी, मला धीर होत नाही, असं म्हणालात तुम्ही."

"अगं, चारचौघांत काहीतरी बोलावं लागतं. त्यांना शंका यायला नको." मग चार पावलं गेल्यावर त्या म्हणाल्या, "आणि खोटं काय बोलले मी? नेम तुझाच आहे ना?"

नेम माझाच होता. यजमानांच्या मोठ्या दुखण्यात मी तो घेतला होता. ते उठून हिंडूफिरू लागले, आणि मी नेम सोडला नाही. आठ वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

सहलीच्या दिवशी सकाळी यजमान पाण्याचे चार कॅन घेऊन वीजवाल्या काकांच्या गाडीतून पुढे गेले. घरात आम्ही दोघीच होतो. तीस माणसांचं पातेलं दोन शेगड्यांवर मिळून बसवलेलं, त्यात पाणी तापत होतं. भाताचं मीठ पाण्यातच घालावं लागतं. तांदूळ वैरण्याआधी ते पाणी चाखून बघायचं, कारण एकदा तांदूळ पडले की मग काही करता येत नाही. हे मला वहिनींनीच शिकवलं होतं, लग्न होऊन आले त्या वर्षी.

मी खाली बसून ताटल्या मोजत होते. वहिनींनी बरणीतून दोन मुठी मीठ पाण्यात घातलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डॉक्टर होते. झाडाखाली जागा मिळाली का, उन्हाचं काय, सतरंज्या किती आणायच्या, असं पुष्कळ चाललं. फोन ठेवून त्या परत आल्या तेव्हा पाणी खळखळत होतं आणि मीठ कुठल्या कुठे विरघळून गेलं होतं. त्या बरणीचं झाकण हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"धाकटे, जरा चाख गं. मीठ पडलंय का बघ."

"आत्ता?"

"मग काय भात झाल्यावर? एक थेंब जिभेला लाव आणि थुंकून टाक. त्यात काय मोडतंय?"

"वहिनी, दहा वाजलेत. मला चाखता येत नाही."

"अगं, देवाला काय एवढंच काम आहे का, तुझ्या जिभेवर बसून राहायचं?"

मी ताटल्यांकडे पाहत राहिले. बाविसाव्या ताटलीपर्यंत आले होते. मी जे बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी चाखायला सांगितलं, मी चाखता येत नाही म्हटलं. पाहिलंस का, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या नेमात बोलायला बंदी नव्हती. 'घातलंय तुम्ही, दोन मुठी,' एवढे चार शब्द बोलायला ना तोंड उष्टं होतं, ना देव कोपतो. ते चार शब्द माझ्या तोंडात तयार होते, आणि मी तेविसावी ताटली उचलली.

"राहू दे बाई तुझं सोवळं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं, सवयीने. काही क्षण तशाच थांबल्या. मग दोन मुठी मीठ आणखी घातलं आणि तांदूळ वैरले.

सहलीची जागा तळ्याकाठी होती. बारा वाजता मी बाजूच्या झाडाखाली जाऊन प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा माझं तोंड मोकळं झालं होतं, खायलाही आणि बोलायलाही. जेवायला अजून तासभर होता. पातेलं झाकलेलं होतं. वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं असतं तर 'सांडलं' म्हणून ते तळ्यात ओतता आलं असतं, आणि सगळ्यांनी हळहळत भाकरी-रस्सा खाल्ला असता. मी ताटल्या मांडल्या, पेले मांडले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक ताटलीत एक एक खडासुद्धा ठेवला.

पहिला घास काकांनी घेतला. ते चावता चावता थांबले, पण दरवर्षीसारखे नाही. काकूंनी घेतला आणि पाण्याकडे हात केला. एक लहान मुलगी ताटलीतच थुंकली. तिच्या आईने तिला दटावलं, मग स्वतः खाल्लं आणि मुलीची ताटली बाजूला सरकवली.

"वहिनी," काका शेवटी म्हणाले, "आज भाताशी भांडण झालं होतं का हो?"

कुणी हसलं नाही. वहिनींनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग आपल्या ताटलीतला मोठा घास घेतला, नीट चावला, गिळला. त्यांना वाटलं असेल की काका नेहमीसारखी थट्टाच करतायत.

"काय झालंय? छान तर झालाय," त्या म्हणाल्या. आणि दुसरा घास घेतला.

तीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. ग्रंथपाल बाईंनी हळूच विचारलं, "वहिनी, तुम्हाला चव लागत नाही का?"

घास त्यांच्या तोंडातच राहिला. खारट झालाय की अळणी, हेही त्यांना कळत नव्हतं. काहीतरी सावरून बोलायचं तर कोणत्या बाजूने बोलावं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेल्यांत पाणी ओतत होते. त्या दिवशी माझे चारही कॅन संपले.

मग सगळे फार चांगलं वागले. तेच वाईट झालं. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नसांबद्दल काहीतरी सांगितलं. काकू म्हणाल्या, होतं असं, माझ्या मावशीचंही झालं होतं, बिचारीचं. 'बिचारी' हा शब्द वहिनींच्या बाबतीत मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि नंतर पुष्कळदा.

घरी आल्यावर त्या पातेलं घासायला बसल्या. मी घासते म्हटलं तर त्यांनी ते ओढून घेतलं.

"दोनदा घातलं ना मी?"

"हो."

"पाहिलं होतंस?"

"हो, वहिनी."

त्या बराच वेळ घासत राहिल्या. मग वर न बघता म्हणाल्या, "मी आपली समजत होते तू नेम पाळतेस. तू तर नेम धरून बसली होतीस."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला इतकंच वाटलं, की अठरा वर्षांत पहिल्यांदा ह्या बाईने माझं काहीतरी नीट ओळखलं.

त्यानंतर त्यांनी मंडळ सोडलं. मंडळाने मात्र त्यांना सोडलं नाही. कुणी ना कुणी डबा घेऊन यायचं, 'हे बघा बरं लागतंय का थोडं', असं आजाऱ्याशी बोलतात तसं बोलायचं. वहिनी डबा घ्यायच्या, रिकामा करून परत द्यायच्या, आणि दार लावायच्या. माझ्याशी त्या कामापुरतं बोलायच्या, तेही 'धाकटे' न म्हणता.

मी दुपारी औषधांच्या दुकानात काम करते. वर्ष सरत आलं तेव्हा डॉक्टर तिथे आले. दातदुखीच्या गोळ्यांचं पाकीट उगाचच उलटसुलट करत म्हणाले, "यंदाच्या भाताचं तुम्ही बघाल का? वहिनींच्या हाताखाली शिकलेल्या तुम्हीच. पण तुमचा तो नेम... सकाळी चाखणं..."

"बघते," मी म्हटलं.

आणि खरंच बघितलं. देवापुढे बसले आणि म्हटलं, आजपासून दुपारची प्रार्थना सकाळी नऊला करीन. नऊनंतर तोंड मोकळं. काही झालं नाही. दिवा विझला नाही, यजमान आजारी पडले नाहीत, छातीत धडधडलंसुद्धा नाही. आठ वर्षांचा नेम एका वाक्यात सरकला, कपाट सरकावं तसा. इतकं सोपं होतं ते. गेल्या सहलीच्या दिवशी सकाळी दहा वाजता मला ते सुचलं नव्हतं, असं मी देवाला सांगू लागले, आणि मध्येच थांबले, कारण मी कुणाशी बोलतेय ते माझ्या लक्षात आलं.

सहलीच्या सकाळी पाणी उकळल्यावर मी मीठ घातलं आणि चमचाभर पाणी फुंकून चाखलं. बरोबर होतं, अगदी त्यांच्यासारखं. वहिनी दारातून बादली घेऊन चालल्या होत्या. चमचा माझ्या तोंडात होता, तसाच त्यांनी पाहिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दहा वाजलेत," त्या म्हणाल्या, आणि बादली घेऊन बाहेर गेल्या.

पाणी उकळून निम्मं झालं तरी माझ्याने तांदूळ वैरवेनात.