नऊ हजार चारशे शहात्तर सोयरिकी

हिंगण्याच्या पंप कारखान्यात शालिकराम गजभिये यांच्यावाचून माहितीचं पान हलत नसे, आणि हे सगळ्यांत चांगलं कोणाला ठाऊक असेल तर ते शालिकराम गजभिये यांनाच. कारखान्याचा सगळा डेटाबेस नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होता. कामगार, पाळ्या, सुटे भाग, कंपनीच्या बसगाड्या, सगळं त्यांनी एकाला एक बांधून ठेवलेलं. विभागातून पाळीत शिरायचं, पाळीतून कामगाराकडे, कामगाराकडून त्याच्या बसथांब्याकडे. या वाटा त्यांनीच आखलेल्या आणि त्यांच्याशिवाय कोणाला सापडत नसत. आपणच बांधलेल्या भुलभुलैयाचा वाटाड्या असलेल्या माणसाला रजा मिळत नाही, पण मान भरपूर मिळतो.

१९८७च्या पावसाळ्यात नवी सिस्टिम आली. संगणक विभागाचे प्रमुख दत्तोपंत देशकर यांनी शालिकरामांना बोलावलं.

"पंधरा दिवस आहेत. पंधराव्या दिवशी मोठे साहेब स्वतः येऊन तीन प्रश्न विचारणार. उत्तरं तुम्ही काढलीत तर खुर्ची तुमची. नाही तर नवा माणूस घेऊ आणि तुम्ही लकडगंजच्या गोदामात. तिथं पंखा चांगला आहे हो."

दत्तोपंत पंख्याची तारीफ करू लागले की समजावं, बदलीचा कागद टाइप होऊन खणात पडलेला आहे.

शिकवायला यंत्र विकणाऱ्या कंपनीची चारुशीला आली. वय सव्वीस, आवाज बारीक, धीर मोठा.

"पयले कुठून शिरू?" शालिकरामांनी विचारलं.

"कुठूनच नाही, काका. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

"ते सांगतो ना वं. पण जाऊ कसा?"

"तुम्ही जायचंच नाही. यंत्र जातं."

"मंग मी काय करू?"

"बसा."

नऊ वर्षांत त्यांचा इतका अपमान कोणी केला नव्हता. खुर्चीसाठी भांडावं आणि खुर्चीवर नुसतं बसायला सांगावं, हे काय झालं?

पहिल्या दिवशी त्यांनी चाळीस ओळी लिहिल्या, चारुशीलेनं अडतीस खोडल्या. तिसऱ्या दिवशी तीस लिहिल्या, सत्तावीस गेल्या. खोडलेल्या ओळींचा हिशेब शालिकराम वहीत ठेवत होते. वाद निघालाच तर पुरावा असावा म्हणून. सातव्या दिवशी सहा लिहिल्या आणि तीनच गेल्या. त्या दिवशी त्यांनी चारुशीलेला आपल्या डब्यातली झुणका-भाकर खाऊ घातली. ही गोष्ट कारखान्याच्या इतिहासात आधी घडलेली नव्हती.

नवव्या दिवशी ती चहाला गेली असताना त्यांनी एकट्यानं हात मारला. एका तक्त्यात कामगार, दुसऱ्यात बसथांबे. कोण कुठं चढतो ते छापून दे, असं सांगितलं आणि प्रिंटर सुरू झाला.

तो थांबेना. कागदाची घडी टेबलावरून उतरून दारापर्यंत गेली. शालिकरामांनी वरचं पान उचललं. धोंडबा ढोणे, सीताबर्डी. धोंडबा ढोणे, इतवारी. धोंडबा ढोणे, सदर. एकटा धोंडबा तेवीस थांब्यांवर चढत होता.

चारुशीला कप घेऊन दारात आली आणि कागदावर पाय पडेल म्हणून तिथंच उभी राहिली.

"काका, हे काय?"

"थांब वं. बोलू नको." शालिकराम पडद्यावरचा तळाचा आकडा बघत होते. नऊ हजार चारशे शहात्तर. ओठ हलले. "चारशे बारा कामगार, तेवीस थांबे. गुणाकार करून पाह्य. बरोबर तेवढेच होते."

"म्हणजे चूक कळली तुम्हाला?"

"कळली ना. सगळे नवरे आन् सगळ्या नवऱ्या एका मांडवात बसवल्या, पण कोणाची सोयरीक कोणासंग, हे सांगितलंच नाही. मंग यंत्रानं सगळ्यायची सगळ्यायसंग लावून देली."

चारुशीला इतकी हसली की अर्धा चहा बशीत आला. "हेच शिकवायला मला चार दिवस लागणार होते."

"जुन्या यंत्रात सोयरिकी मी आधीच बांधून ठेवत होतो. याच्यात इचारतानाच जुळवाच्या." शालिकराम कागद गुंडाळू लागले. "आन् काम झालं की मोडल्या तरी कोणी रुसत नाही. हे त लय सोयीचं आहे गड्या."

शनिवारी मोठे साहेब आले. पहिला प्रश्न, रात्रपाळीत इतवारीहून किती येतात? तीन ओळी, एकोणीस माणसं. दुसरा त्याहून सोपा. दत्तोपंत खणाच्या किल्लीशी चाळा करत होते.

"असा कोणता थांबा आहे," साहेबांनी विचारलं, "जिथं बस थांबते पण कोणीच चढत नाही?"

शालिकरामांचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. जुन्या यंत्रात वाट कामगाराकडून थांब्याकडे जायची. ज्याला कामगारच नाही, त्या थांब्यापर्यंत जाणार कसं? दोन दिवसांचं काम. चारुशीला खिडकीबाहेर बघत उभी होती. तिला बोलायची मनाई होती.

वाट नको, काय पाहिजे ते सांग. ज्या थांब्याची कोणासंगच सोयरीक नाही, तो.

त्यांनी चार ओळी लिहिल्या, एक स्वतःच खोडली आणि बटण दाबलं. पडद्यावर एकच नाव आलं. रामदासपेठ.

"तिथं कोण राहतं?" साहेबांनी विचारलं.

दत्तोपंतांनी घसा साफ केला. "मी. म्हणजे, हल्ली स्कूटरनं येतो."

साहेब हसले नाहीत, पण हसू दाबायला त्यांना बराच वेळ लागला. "थांबा बंद करा. आणि दत्तोपंत, खुर्चीसाठी नवा माणूस शोधायची गरज नाही."

बाकीचे सगळे गेले. खाली कंपनीच्या बसनं दोनदा भोंगा वाजवला.

"काका, बस निघाली," चारुशीला म्हणाली.

"जाऊ दे वं," शालिकराम खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "आतापावतो याले मी फक्त लोकायचे प्रश्न इचारले. आता माह्या मनातला एक इचारू दे."